मारिया वालेरिया पूल : डॅन्यूबवरील सीमा आणि सत्तावन्न वर्षांचा खंड

प्रस्तावना

सीमेवरील पुलांविषयी लिहिताना ‘दोन शेजाऱ्यांना जोडणारा दुवा’ असा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. त्यामध्ये आधी दोन शेजारी, त्यांच्यामध्ये नदी आणि सरतेशेवटी पूल असा क्रम गृहीत धरलेला असतो. डॅन्यूब नदीवरील मारिया वालेरिया पुलाच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. दक्षिण तीरावरील एस्टरगोम आणि उत्तर तीरावरील पारकान्य या दोन गावांच्या दरम्यान १८९५ मध्ये हा पूल उभा राहिला, तेव्हा तेथे सीमा नव्हती. सीमा त्यानंतर पाव शतकाने आली. पारकान्य चेकोस्लोव्हाकियात गेले आणि १९४८ मध्ये त्याचे नामकरण श्टुरोवो असे झाले. २६ डिसेंबर १९४४ रोजी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा पूल उडवून दिला. त्याची पुनर्बांधणी होऊन तो खुला झाला तो दिवस होता ११ ऑक्टोबर २००१.

युद्धात पूल पडणे ही नवलाची गोष्ट नव्हे. बुडापेस्ट शहरातील डॅन्यूबवरील सर्व पूल त्याच हिवाळ्यात पडले आणि त्यांपैकी बहुतेक पुढील काही वर्षांत पुन्हा उभे राहिले. एस्टरगोमच्या पुलाचे वैशिष्ट्य आहे ते त्याच्या न बांधले जाण्यात. युद्धोत्तर काळात नदीच्या दोन्ही तीरांवर समाजवादी राजवटी होत्या. दोन्ही राष्ट्रे एकाच लष्करी करारात व एकाच आर्थिक संघटनेत होती. अभियंत्यांची किंवा पोलादाची वानवा नव्हती. पुलाचे दोन्ही टोकांचे गाळे जागेवर शाबूत होते आणि पडलेले होते ते केवळ मधले तीन. असे असता सुमारे पाचशे मीटर रुंदीचे पात्र ओलांडण्यास दोन मित्रराष्ट्रांना सत्तावन्न वर्षे का लागावीत, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या प्रश्नाचे उत्तर स्थापत्यशास्त्रात सापडत नाही. ते सीमेच्या आणि अल्पसंख्याकांच्या राजकारणात शोधावे लागते.

पुलापूर्वीचे दोन तीर

एस्टरगोम हे हंगेरीच्या इतिहासातील आद्य राजधानीचे ठिकाण. हंगेरीचा पहिला राजा संत स्टीफन याचा जन्म येथे झाला अशी परंपरा आहे. देशातील कॅथलिक चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूचे पीठ येथेच असून टेकडीवरील भव्य बॅसिलिका नदीच्या पलीकडूनही स्पष्ट दिसते. समोरच्या तीरावरील पारकान्यची ख्याती त्या मानाने बेताची. १५४३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी एस्टरगोम घेतल्यानंतर समोरच्या तीरावरील त्यांची गढी नदीपारच्या मार्गाचे रक्षण करीत असे. १६८३ मध्ये व्हिएन्नाचा वेढा उठल्यानंतर पोलंडचा राजा यान सोबिएस्की याच्या सैन्याने पारकान्य येथे तुर्कांचा पराभव केला. त्या वेळी पळणाऱ्या सैनिकांच्या भाराने आणि तोफांच्या माऱ्याने नावांचा पूल तुटून अनेकजण नदीत बुडाले, असे त्या लढाईच्या वृत्तांतात येते. तात्पर्य, येथे नदी ओलांडण्याची गरज फार जुनी आहे आणि ती ओलांडण्याच्या सोयीला लष्करी अर्थही तितकाच जुना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बुडापेस्ट आणि व्हिएन्ना यांना जोडणारा लोहमार्ग उत्तर तीरावरून गेला. परिणामी पारकान्यला स्थानक मिळाले आणि धर्मपीठाचे नगर रेल्वेपासून नदीच्या रुंदीइतके दूर राहिले. पक्क्या पुलाच्या मागणीमागे हे एक महत्त्वाचे कारण होते. पूल २८ सप्टेंबर १८९५ रोजी खुला झाला. सम्राट फ्रान्झ योसेफ आणि सम्राज्ञी एलिझाबेथ यांच्या धाकट्या कन्येचे नाव त्यास देण्यात आले. मारिया वालेरियाचा जन्म १८६८ मध्ये बुडा येथे, म्हणजे तिच्या मातापित्यांचा हंगेरीच्या सिंहासनावर राज्याभिषेक झाल्यानंतरच्या वर्षी झालेला. राजघराण्यातील हे ‘हंगेरियन अपत्य’ असल्याने नाव निवडण्यात राजनिष्ठा आणि राष्ट्राभिमान या दोहोंची सोय झाली.

पुलाचा आराखडा यानोश फेकेतेहाझी या अभियंत्याचा. कोमारोम येथील १८९२ चा एलिझाबेथ पूल आणि बुडापेस्टमधील आज स्वातंत्र्य पूल म्हणून ओळखला जाणारा १८९६ चा पूल हेही त्याच्याच आराखड्यांवरून झाले. पाच पोलादी गाळे, मधला सर्वांत लांब म्हणजे सुमारे ११९ मीटरचा आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारी लय अशी मारिया वालेरिया पुलाची रचना होती. फेकेतेहाझीचा जन्म आणि मृत्यू या दोन्ही घटना वागशेय्ये या गावी घडल्या. जन्माच्या वेळी, १८४२ मध्ये, ते हंगेरीच्या राज्यात होते. १९२७ मध्ये तो तेथेच वारला तेव्हा ते चेकोस्लोव्हाकियात होते आणि आज शाल्या या नावाने स्लोव्हाकियात आहे. गाव न सोडता देश बदलण्याचा हा अनुभव त्या पिढीतील लाखो लोकांच्या वाट्यास आला.

सीमा येते

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले. नवोदित चेकोस्लोव्हाकियाने आपली दक्षिण सीमा डॅन्यूबपर्यंत यावी असा आग्रह पॅरिसच्या शांतता परिषदेत धरला. या मागणीस भाषेचा आधार नव्हता, कारण डॅन्यूबच्या उत्तर तीरावरील या पट्ट्यात हंगेरियन भाषकांचे बहुमत होते. आधार होता तो नदीवरील जलवाहतुकीचा, उत्तर तीरावरील लोहमार्गाचा आणि संरक्षणाचा. भाषावार सीमांचा वाद मराठी वाचकास नवा नाही. येथे मात्र एका बाजूने भाषेचा युक्तिवाद होता, तर दुसऱ्या बाजूने नदीचा. ४ जून १९२० च्या त्रियानों तहाने नदीच्या बाजूने निकाल दिला. या तहाने हंगेरीच्या पूर्वीच्या राज्यापैकी सुमारे दोन तृतीयांश भूभाग तिच्या हातून गेला आणि सुमारे तीस लाख हंगेरियन भाषक शेजारच्या देशांचे नागरिक झाले.

सैन्यांच्या धामधुमीत जुलै १९१९ मध्ये पुलाचा एक गाळा स्फोटाने निकामी झाला होता. १९२२ मध्ये दुरुस्ती होऊन वाहतूक सुरू झाली आणि १९२६ च्या सुमारास चेकोस्लोव्हाक शासनाने मोठी डागडुजी केली. या काळाविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पूल होता, तरी तो पूर्वीसारखा ओलांडता येत नव्हता. एस्टरगोमच्या बाजारात भाजीपाला नेणाऱ्या उत्तर तीरावरील शेतकऱ्यास आता जकात नाक्यावर थांबावे लागे, नाणे बदलावे लागे. पुलाच्या मध्यावर दोन सार्वभौम सत्ता भेटत होत्या आणि त्यांपैकी एकीस ती सीमाच मान्य नव्हती.

नोव्हेंबर १९३८ च्या पहिल्या व्हिएन्ना निवाड्याने जर्मनी व इटली यांनी हा पट्टा पुन्हा हंगेरीस दिला. पारकान्य आणि एस्टरगोम पुन्हा एका देशात आले. हंगेरियन लेखनात या सहा वर्षांचे वर्णन पुनर्मीलन असे केले जाते, परंतु ते अपुरे आहे. याच हंगेरियन राज्ययंत्रणेने १९४४ च्या वसंत-ग्रीष्मात प्रांतोप्रांतीच्या ज्यूंना जर्मनांच्या स्वाधीन केले आणि पारकान्यचा ज्यू समाजही त्यात नाहीसा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत सैन्य जवळ आले असता पूल उडवला गेला. पुढे २००१ मध्ये जो पूल जोडला गेला त्याच्या टोकाशी १९४४ पूर्वीचे गाव उरलेलेच नव्हते.

युद्धोत्तर सूड आणि मौन

पूल पडून राहिला त्याची मुळे युद्धानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत आहेत. १९३८ मध्ये आपले राष्ट्र मोडण्यास देशातील जर्मन व हंगेरियन अल्पसंख्याकांनी हातभार लावला, अशी चेकोस्लोव्हाक नेतृत्वाची ठाम धारणा होती. अध्यक्ष एडवर्ड बेनेश यांच्या ऑगस्ट १९४५ च्या आदेशाने या दोन्ही समाजांतील बहुसंख्य व्यक्तींचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. हंगेरियन भाषेतील शाळा बंद झाल्या. २७ फेब्रुवारी १९४६ रोजी हंगेरीशी लोकसंख्या-अदलाबदलीचा करार झाला आणि त्यान्वये दोन्ही दिशांनी प्रत्येकी सत्तर हजारांहून अधिक माणसे हलविली गेली. याखेरीज १९४६-४७ च्या हिवाळ्यात हजारो हंगेरियन कुटुंबांना दक्षिण स्लोव्हाकियातून उचलून, जर्मनांच्या हकालपट्टीमुळे ओस पडलेल्या चेक सीमाभागात सक्तीच्या श्रमासाठी पाठविण्यात आले. नागरिकत्व १९४८ मध्ये परत मिळाले. त्याच वर्षी पारकान्यचे नाव बदलून ल्युदोवित श्टूर या एकोणिसाव्या शतकातील स्लोव्हाक भाषा-चळवळीच्या अग्रणीचे नाव गावास देण्यात आले. श्टूर हा विद्वान व आदरणीय पुरुष होय. मात्र हंगेरियन राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या नेत्याचे नाव हंगेरियन भाषकांच्याच गावास देण्यातील हेतू कोणापासूनही लपलेला नव्हता.

या पार्श्वभूमीवर प्राग आणि ब्रातिस्लाव्हा येथील शासनांस पुलाची घाई असण्याचे कारण नव्हते. दक्षिणेकडे जाणारा रस्ता म्हणजे अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषिक मायभूमीशी जोडणारा रस्ता, असाच त्याचा अर्थ लावला जाई. स्लोव्हाक बाजूची ही भीती सर्वस्वी निराधार होती असेही म्हणता येत नाही. १९३८ चा अनुभव ताजा होता. दुसऱ्या बाजूने बुडापेस्टच्या समाजवादी राजवटीनेही सीमेपलीकडील हंगेरियनांचा विषय जाहीर चर्चेतून जवळजवळ बाद केला होता. समाजवादी राष्ट्रांमध्ये राष्ट्रीय प्रश्न उरत नाही, असा अधिकृत सिद्धान्त होता. जो प्रश्न अस्तित्वातच नाही त्यासाठी पूल कोण मागणार ?

आर्थिक बाजूही विचारात घ्यावी लागेल. कोमारोम येथील पूल युद्धानंतर दुरुस्त झाला होता आणि राज्यांच्या दृष्टीने आवश्यक ती वाहतूक तेथून होत होती. नियोजनकारांच्या हिशेबात एस्टरगोमचा पूल ही स्थानिक गरज होती आणि केंद्रीय नियोजनात स्थानिक गरजेचा क्रम नेहमीच खालचा. १९७७ मध्ये दोन्ही देशांनी गाबचिकोवो-नाग्यमारोश या प्रचंड धरण प्रकल्पाचा करार केला. नाग्यमारोश हे स्थळ एस्टरगोमच्या खाली अवघ्या वीस-बावीस किलोमीटरवर आहे. म्हणजे डॅन्यूबवर एकत्रितपणे काँक्रीट ओतण्याची तयारी होती, निधी होता, करारही होत होते. वीज हवी होती म्हणून धरणाचा करार झाला. लोकांची ये-जा मात्र नको होती, असाच निष्कर्ष त्यातून निघतो. पुढे हंगेरीने १९८९ मध्ये या धरणाचे काम थांबविले आणि तो वाद १९९७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निवाड्यापर्यंत गेला.

मधल्या काळात दोन्ही गावांचा संपर्क फेरीबोटीवर राहिला. धुके, बर्फ किंवा पूर आला की तीही बंद पडे. मोटारीने जाणाऱ्यास सुमारे पन्नास किलोमीटर वर कोमारोमला किंवा खाली बुडापेस्टला वळसा घालावा लागे. ज्या घरांतून बॅसिलिकेची घंटा ऐकू येत होती, त्या घरांतील एक अख्खी पिढी एस्टरगोम समोर पाहत वाढली, पण तेथे जाण्याची सवय तिला लागली नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा कराराच्या सैन्यांनी चेकोस्लोव्हाकियावर आक्रमण केले, तेव्हा हंगेरियन तुकड्याही दक्षिण स्लोव्हाकियात शिरल्या. पूल नसल्याची सर्वांत कमी अडचण सैन्यास झाली, ही नोंद येथे अप्रस्तुत ठरू नये.

करारापर्यंतचा प्रवास

१९८९ च्या सत्तांतरानंतर पूल तातडीने होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आणखी बारा वर्षे गेली. १९९१ मध्ये श्टुरोवोच्या रहिवाशांनी गावाचे जुने नाव परत मिळावे असा कौल दिला, पण तो मान्य झाला नाही. १ जानेवारी १९९३ रोजी स्वतंत्र झालेल्या स्लोव्हाकियात व्लादिमिर मेचियार यांच्या शासनाचे अल्पसंख्याकांविषयीचे धोरण ताठर होते. स्वतः नुकतेच राष्ट्र झालेल्या देशास आपल्या पाच कोटी नव्हे, जेमतेम त्रेपन्न-चौपन्न लाख लोकसंख्येत सुमारे एक दशांश असलेल्या हंगेरियनांविषयी अस्वस्थता वाटणे समजण्याजोगे आहे. मार्च १९९५ मध्ये पॅरिस येथे मेचियार आणि हंगेरीचे पंतप्रधान ग्युला होर्न यांनी मूलभूत करारावर सह्या केल्या, सीमा अपरिवर्तनीय असल्याचे त्यात मान्य झाले. पुलाच्या दृष्टीने हा करार निर्णायक म्हणावा लागेल. सीमेबद्दल शंका होती तोपर्यंत पुलाबद्दलही होती, आणि हंगेरीने सीमा लेखी मान्य केल्यानंतरच पुलावर बोलणे शक्य झाले.

१९९८ च्या निवडणुकीनंतर स्लोव्हाकियात मिकुलाश झुरिंदा यांचे आघाडी शासन आले आणि त्यात हंगेरियन अल्पसंख्याकांचा पक्षही सहभागी झाला. युरोपीय संघात प्रवेश मिळविणे हे दोन्ही देशांचे ध्येय होते आणि शेजाऱ्याशी चांगले संबंध ही त्या प्रवेशाची अलिखित अट होती. १६ सप्टेंबर १९९९ रोजी झुरिंदा आणि व्हिक्टर ओर्बान या दोन पंतप्रधानांच्या उपस्थितीत पुनर्बांधणीचा आंतरशासकीय करार श्टुरोवो येथे झाला. युरोपीय संघाने प्रवेशेच्छू देशांसाठीच्या ‘फारे’ निधीतून एक कोटी युरो, म्हणजे जवळपास निम्मा खर्च उचलला. म्हणजे ज्या पुलासाठी दोन राजधान्यांनी अर्धशतक निधी काढला नाही, त्याचा अर्धा भार अखेर ब्रसेल्सने उचलला.

नवे मधले गाळे जुन्याच घाटाचे असावेत असे ठरले. स्थापत्याच्या दृष्टीने याहून वेगळी, आधुनिक रचना शक्य होती. तथापि लोकांच्या मनात जी आकृती होती ती १८९५ ची, आणि टोकाचे मूळ गाळे उभे असताना मध्ये परकी रचना घालणे कोणास रुचले नसते. नावही तेच राहिले. श्टूरच्या गावातून निघणारा पूल हाब्सबुर्ग राजकन्येच्या नावाने ओळखला जातो, याचे आज कोणास वैषम्य वाटत नाही.

मात्र २००१ हे वर्ष निव्वळ सलोख्याचे नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये हंगेरीच्या संसदेने शेजारी देशांतील हंगेरियनांना विशेष सवलती देणारा कायदा संमत केला आणि ब्रातिस्लाव्हात त्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटली. तरीही ऑक्टोबरमध्ये पुलाचे उद्घाटन ठरल्याप्रमाणे झाले. राजधान्यांमधील तणाव पुलाचे काम थांबवू शकला नाही, हेच मुळी १९४५ नंतर प्रथम घडत होते.

पूल खुला झाल्यानंतर

पहिली काही वर्षे पुलावर पारपत्र-तपासणी होती. १ मे २००४ रोजी दोन्ही देश युरोपीय संघात आले आणि २१ डिसेंबर २००७ रोजी शेंगेन क्षेत्रात. त्या दिवसापासून पुलावरील तपासणी संपली. पुलाच्या सामाजिक इतिहासात २००१ पेक्षा २००७ ची तारीख कदाचित अधिक महत्त्वाची ठरेल. पोलादाने नदी ओलांडली गेली, पण सीमा ओलांडली गेली ती या दुसऱ्या तारखेस.

पुलामुळे जुने संबंध पुनरुज्जीवित होतील अशी अनेकांची कल्पना होती. झाले ते काहीसे निराळे. एस्टरगोम येथे १९९२ पासून सुझुकीचा मोटार-कारखाना सुरू होता आणि त्यास कामगार हवे होते. २००१ मध्ये स्लोव्हाकियातील बेरोजगारी सुमारे १९ टक्के होती आणि दक्षिणेकडील जिल्ह्यांत परिस्थिती अधिकच बिकट होती. पूल खुला होताच उत्तर तीरावरील कामगार पाळ्यांच्या बसगाड्यांनी कारखान्यात येऊ लागले. दोन्हीकडची भाषा एकच असल्याने ही रोजची ये-जा सोपी झाली, हे खरे. परंतु तिचे कारण भाषा नव्हती, वेतन होते. १ जानेवारी २००९ रोजी स्लोव्हाकियाने युरो स्वीकारला, त्याच सुमारास हंगेरीचे फोरिंट घसरले आणि श्टुरोवोची गिऱ्हाइके खरेदीसाठी एस्टरगोमला लोटली. ज्या दिशेने किंमत स्वस्त त्या दिशेने पूल वाहतो, हे दोन्ही तीरांवरील दुकानदारांना कोणी शिकवावे लागले नाही.

संस्थात्मक सहकार्याचा अनुभव संमिश्र आहे. २००३ मध्ये दोन्ही बाजूंच्या शंभरएक गावांनी मिळून ‘इस्टर-ग्रानुम’ हा प्रादेशिक संघ स्थापन केला आणि २००८ मध्ये युरोपीय कायद्याखाली त्यास स्वतंत्र वैधानिक रूप मिळाले. इस्टर हे डॅन्यूबचे आणि ग्रानुम हे श्टुरोवोनजीक तिला मिळणाऱ्या ह्रोन नदीचे प्राचीन नाव. हंगेरियन की स्लोव्हाक हा पेच लॅटिनचा आश्रय घेऊन सोडविण्यात आला, यातील चातुर्य दाद देण्याजोगे आहे. उत्तर तीरावरील रुग्णांना एस्टरगोमच्या रुग्णालयात उपचार मिळावेत हा संघाच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होता. नकाशावर पाहता यात अडचण दिसत नाही, कारण रुग्णालय पुलापलीकडे काही मिनिटांच्या अंतरावर आहे. अडचण होती ती कागदांची. आरोग्यविमा, औषधांची चिठ्ठी, रुग्णवाहिकेचा परवाना हे सर्व राष्ट्रीय कायद्याने बांधलेले. त्यासाठी विमासंस्थांशी करार करावे लागले आणि प्रत्येक नव्या सेवेसाठी ती वाटाघाट नव्याने करावी लागे.

२००४ पासून श्टुरोवो येथे ‘पुलाचा राखणदार’ नावाचा एक उपक्रम चालविला गेला. लेखक, चित्रकार, संगीतकार अशा कोणाला तरी काही महिन्यांसाठी गावात राहण्यास बोलवायचे आणि पुलाची रोजनिशी लिहावयास सांगायची, असे त्याचे स्वरूप. पुलास शस्त्रधारी राखणदार लाभण्याची परंपरा या ठिकाणी तुर्कांच्या काळापासून होती, त्या मानाने हा बदल सुखावह म्हटला पाहिजे.

कोमारोमचा प्रतिदाखला

केवळ मारिया वालेरिया पुलाचा विचार केल्यास, पूल बांधला आणि शेजारी जवळ आले असे सरळ अनुमान निघू शकेल. कोमारोमच्या पुलाशी तुलना केली असता ते टिकत नाही. कोमारोम-कोमार्नो हेही नदीने आणि त्रियानोंने दुभंगलेले जोडगाव. तेथील पूल, तोही फेकेतेहाझीचाच, युद्धोत्तर काळात सातत्याने वापरात होता. तरीही २१ ऑगस्ट २००९ रोजी हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष लास्लो शोयोम यांना त्याच पुलावरून परत फिरावे लागले. कोमार्नो येथे संत स्टीफनच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी ते खासगी भेटीवर निघाले होते. तो दिवस १९६८ च्या आक्रमणाच्या स्मृतीचा असल्याचे कारण देऊन स्लोव्हाकियाने त्यांना प्रवेश नाकारला. दोन्ही देश शेंगेनमध्ये असताना, पुलावर एकही तपासणी-नाका नसताना, एका राष्ट्राचा प्रमुख पुलाच्या मध्यापर्यंत चालत गेला आणि मागे वळला. हंगेरीने युरोपीय न्यायालयात दाद मागितली. १६ ऑक्टोबर २०१२ च्या निकालात न्यायालयाने राष्ट्रप्रमुखाचे स्थान सामान्य नागरिकाहून वेगळे असल्याचे सांगून ती फेटाळली. ज्या राजाच्या पुतळ्यावरून हे घडले त्याचे जन्मस्थान एस्टरगोम, आणि तेथील पूल त्या दिवशीही नेहमीप्रमाणे वाहत होता.

पुढच्याच वर्षी, २६ मे २०१० रोजी, हंगेरीने परदेशस्थ हंगेरियनांना सुलभ नागरिकत्व देणारा कायदा केला. त्याच दिवशी स्लोव्हाकियाने, जो स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेईल त्याचे स्लोव्हाक नागरिकत्व रद्द करणारा कायदा केला. हा कायदा २०२२ मध्ये काहीसा सैल करण्यात आला. मधल्या बारा वर्षांत श्टुरोवोतील रहिवासी रोज हंगेरीत नोकरीस जाऊ शकत होता, पण हंगेरीत प्रत्यक्ष निवास न हलविता तेथील नागरिक झाल्यास स्वतःच्या गावात परका ठरण्याचा धोका त्याच्यासमोर होता.

कोमारोमजवळ १७ सप्टेंबर २०२० रोजी मोनोश्तोर पूल हा डॅन्यूबवरील नवा सीमापूल खुला झाला. एकाच उंच स्तंभावरून तारांनी तोललेला, सुमारे सहाशे मीटर लांबीचा हा पूल मुख्यतः अवजड मालमोटारींसाठी आहे. जुन्या पुलास तो भार पेलत नव्हता. त्याचाही बहुतांश खर्च युरोपीय निधीतून झाला. त्याच्या उभारणीच्या चर्चेत दुभंगलेल्या समाजाचा उल्लेख अधूनमधून आला, पण भर होता तो मालवाहतुकीवर. दोन्ही शासनांस या पुलाची निकड पटली आणि २०१७ मध्ये सुरू झालेले काम तीन वर्षांत पुरे झाले.

मोनोश्तोर पुलाच्या उद्घाटनाच्या काही महिने आधी, मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीमुळे दोन्ही देशांनी आपल्या सीमा बंद केल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्थलांतरितांचा प्रश्न पुढे करून स्लोव्हाकियाने हंगेरीच्या सीमेवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आणि ती पुढील वर्षाच्या आरंभापर्यंत चालली. शेंगेनच्या नियमावलीत अशा तपासणीची तरतूद पहिल्यापासून आहे. श्टुरोवोतून पहाटेच्या पाळीला निघणाऱ्या कामगारास ती वाचण्याचे कारण २००७ पासून पडले नव्हते.